उपासाचं ताट आणि लोपीस बाई

लोपीस बाईंनी कुणाला ‘कशा आहात?’ असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत शिरल्या की पर्स खुंटीला लावायच्या आधीच त्यांचा प्रश्न यायचा, “डब्यात काय?” आणि उत्तराची वाट न बघता त्या तुमच्या डब्याचं झाकण उचलून आत डोकवायच्या. नव्या माणसाला ते खटकायचं. मलाही पहिल्या दिवशी खटकलं. मग वाटलं, बाईंना भूक लागली असेल, म्हणून मी अर्धी पोळी पुढे केली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, पुन्हा माझ्याच डब्यात ठेवली आणि म्हणाल्या, “पीठ चाळता का हो तुम्ही? कोंडा कुठे गेला?” त्या दिवसापर्यंत कोंडा कुठे जातो याचा मी विचार केलेला नव्हता.

आमची शाळा नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, गासकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी तिथे मराठी शिकवायचे. निम्मे शिक्षक माझ्यासारखे, पूर्वेच्या तुळिंजमध्ये फ्लॅट घेतलेले, मूळचे कोकणातले नाहीतर देशावरचे. बाकीचे इथलेच, वाडीवाले. त्यामुळे डबे उघडले की एका टेबलावर बाजरीची भाकरी, घावन, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, दडपे पोहे असं काहीही दिसायचं. आम्हाला तो डबा होता, लोपीस बाईंना तो अभ्यास होता. त्या गृहशास्त्र शिकवायच्या. ठेंगणी, रुंद बांध्याची बाई, सुती साडी, जाड काचांचा चष्मा, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला तबकडी येईल असं बांधलेलं घड्याळ. वर्गात त्या अगदी पुस्तकातलं मराठी बोलायच्या. ऑफिसातल्या फोनवर नवऱ्याशी, पास्कलभाऊंशी, बोलताना मात्र वसईची त्यांची घरची बोली सुटायची. मला त्यातलं निम्मं कळायचं आणि उरलेलं मी मनाने ठरवायचे.

त्यांचा एक तास शाळेत प्रसिद्ध होता. आठवीच्या मुलींना त्या कोऱ्या भाताचा एकेक घास द्यायच्या आणि सांगायच्या, गिळू नका, चावत राहा. मीठ नाही, साखर नाही, नुसता भात. मुली चावून चावून कंटाळायच्या, हसायच्या, एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. मग एखादी म्हणायची, “बाई, गोड लागतंय.” बाई खडू खाली ठेवून विचारायच्या, “आता ही गोडी आली कुठून?” आणि उत्तर न देता घंटा होईपर्यंत मुलींकडे बघत राहायच्या. पुढच्या तासाला कळायचं की पिष्टाची तोंडातच साखर व्हायला लागते. पण त्या मधल्या दिवशी घरी जाऊन मुली पोळी चावायच्या, बटाटा चावायच्या, आणि आयांच्या तक्रारी हेडसरांकडे यायच्या.

बाईंना स्वतःला मधुमेह होता. बरीच वर्षं होता. पहिल्यांदा कळलं तेव्हा डॉक्टरांनी काय काय बंद ते सांगितलं: भात बंद, बटाटा बंद, केळी बंद, गोड तर बंदच. बाई वसईजवळच्या गिरीज गावच्या. घर केळीच्या वाडीत. उंबऱ्यातून पाय बाहेर टाकला की केळ आणि ताटात जन्मापासून भात. बाईंनी डॉक्टरांना विचारलं, “बंद म्हणजे किती?” डॉक्टर म्हणाले, बंद म्हणजे बंद. बाई म्हणाल्या, “नळ बंद केला तरी थेंब गळतो डॉक्टर. मी थेंबाचं विचारते.” ही गोष्ट त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. डॉक्टर बिचारे चांगले होते. त्यांनी थेंबाचा हिशेब दिला, वाटीने मापून भात ठरवून दिला. पण बाईंचं एवढ्यावर भागणार नव्हतं. प्रत्येक पदार्थ रक्तात जाऊन नेमकं काय करतो, हे त्यांना बघायचं होतं.

ते बघायची सोय झाली नव्वदीच्या दशकाच्या शेवटी. बाईंचा भाऊ बहारीनला होता. तो नाताळला आला तो साखर मोजायचं यंत्र घेऊन. तेव्हा आमच्यापैकी कुणी असलं यंत्र पाहिलं नव्हतं. साखर तपासायची म्हणजे सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जायचं, दंड पुढे करायचा आणि संध्याकाळी कागद आणायला जायचं. इथे बोटाला टोचलं, पट्टीवर थेंब लावला, जरा वेळाने यंत्र टूं करतं आणि आकडा दाखवतं. पहिल्या दिवशी शिक्षकखोलीत ही गर्दी! हेडसरसुद्धा काहीतरी निमित्त काढून आले. बाई शांतपणे सांगत होत्या, “बोटाच्या मधोमध टोचायचं नाही. कडेला टोचायचं. मधल्या जागेने आपल्याला खडू धरायचा असतो.”

पट्ट्या इकडे सहज मिळायच्या नाहीत. बहारीनहून कुणी येईल तेव्हा यायच्या. म्हणून एकेका पट्टीवर चर्चा व्हायची. कुणीतरी विचारायचं, “बाई, गूळ साखरेपेक्षा बरा ना?” बाई डोळे बारीक करायच्या. “ह्या प्रश्नाला पट्टी खर्चायची का?” मग टेबलावर दोन पक्ष पडायचे. गुळाला मिळाली. गूळ आणि साखर यांच्यात रक्ताला काडीचा फरक वाटला नाही, तेव्हा घरून गुळाचा चहा आणणारे दोघंजण आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत. मधाला पट्टी मिळाली नाही. बाई म्हणाल्या, “त्याचं उत्तर मला गुळाने दिलंय.”

त्यांची खरी मजा यायची ती जिभेला फसवणाऱ्या पदार्थांत. खारी बिस्किटं! मधुमेह झाला की आपली माणसं गोड बिस्किटं सोडतात आणि चहाबरोबर खारी खातात, कारण खारी गोड नाही. बाईही खायच्या. एक दिवस खारीला पट्टी मिळाली आणि आकडा बघून बाई स्वतःच्याच मांडीवर थाप मारून हसायला लागल्या. “ऐका! मी तीन वर्षं चहातली साखर सोडून बशीत मैदा खातेय!” दुसरं कुणी असतं तर कपाळाला हात लावला असता. बाईंना चूक सापडली की आनंद व्हायचा. त्या म्हणायच्या, “जिभेची साक्ष धरू नका. तिला गोड कळतं, पुढचं कळत नाही. रक्ताला विचारू या.”

पण रक्तानेही एकदा त्यांना चकवलं. शाळेबाहेरच्या गाडीवरचा बटाटेवडा बाईंनी खाल्ला, तासाभराने तपासलं, आकडा जेमतेम हललेला. बाईंनी जाहीर केलं की इडलीपेक्षा बटाटेवडा बरा. शिक्षकखोलीत दिवाळी झाली. भूगोलाचे देशमुख सर, तेही मधुमेहाचेच, त्या दिवशी दोन वडे घेऊन आले आणि बाईंच्या नावाने खाल्ले. बाईंना मात्र चैन पडेना. तेलात तळलेला बटाटा शेवटी बटाटाच, मग गेला कुठे? दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा वडा खाल्ला, आणि या वेळी शेवटच्या तासाच्या सुरुवातीला तपासलं. साखर तेव्हा वर चढून बसलेली. तेलामुळे ती सावकाश येते, आणि सावकाश आली म्हणून कमी येत नाही. बाई थेट शेवटच्या तासाला देशमुख सरांच्या वर्गात गेल्या आणि दारातून म्हणाल्या, “सर, वड्याचं मागे घेते.” वर्गाला काही कळलं नाही. सरांना कळलं आणि त्यांच्या मिश्या खाली आल्या.

देशमुख सरांचा आणि त्यांचा खटका ठरलेला. सर नगरकडचे. “बाजरीची भाकरी म्हणजे औषध आहे बाई, औषध!” असं म्हणत ते औषधाचे चार डोस घ्यायचे. बाईंनी त्यांना कधी खोटं पाडलं नाही. फक्त एक दिवस म्हणाल्या, “सर, आज दोनच खा. त्याआधी ही माझी शेवग्याची भाजी खा, आणि जेवल्यावर मैदानाला एक फेरी मारू. मग विचारू.” दोघांची ती वरात सगळ्या शाळेने पाहिली. पुढे ठुमकत बाई, मागे पँटीतले, पण चाल धोतर नेसल्यासारखी असलेले सर. आकडा सरांना वाटला होता त्यापेक्षा खूपच कमी निघाला. दुसऱ्या दिवसापासून ते मैदानाला फेरी मारायला लागले, मात्र बाईंनी सांगितलं म्हणून मारतो असं कबूल केलं नाही. “पोटाला बरं वाटतं,” म्हणायचे. गंमत म्हणजे तेवढीच भाकरी, तीच भाजी बाईंनी खाल्ली, तशीच फेरी मारली, तर त्यांचा आकडा सरांपेक्षा वेगळा. बाईंना ह्याचं जेवढं कौतुक वाटलं तेवढं दुसऱ्या कशाचं वाटलं नसेल. “बघा ना, एकच भाकरी आणि दोन माणसं,” असं त्या कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत होत्या.

हे सगळं असंच हसतखेळत चाललं असतं. पण सुनीताला दिवस गेले.

सुनीता आमची चित्रकलेची बाई. वयाने लहान, माझ्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायची. पहिल्या खेपेला तिचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. कारण कुणालाच कळलं नव्हतं. त्यामुळे आता दुसऱ्या खेपेला घर श्वास रोखून बसलेलं. तिच्या सासूबाई साताऱ्याकडच्या, सगळी बिल्डिंग त्यांना आक्का म्हणायची. जिन्यावरून कुणी जोरात धावलं तरी आक्का दार उघडून ओरडायच्या, “माझ्या सुनंला दचकवू नका!” त्यांनी नवस बोललेला होता: मूल हातात येईपर्यंत सुनीता मंगळवारी गणपतीचा आणि गुरुवारी दत्ताचा उपास करील, आणि तिच्याबरोबर त्या स्वतः करतील. तपासणीत डॉक्टरीणबाईंना सुनीताची साखर थोडी जास्त वाटली. त्यांनी विचारलं, काय खाता? सुनीताने खरं ते सांगितलं. घरचं साधं जेवण, गोड अजिबात नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. उपास तिने सांगितला नाही, कारण उपास म्हणजे न खाणं, ते खाण्यात कशाला सांगायचं?

एका गुरुवारी मधल्या सुट्टीनंतरच्या रिकाम्या तासाला सुनीता टेबलावर डोकं टेकून पेंगत होती. उठायची, घटाघट पाणी प्यायची, पुन्हा डोकं टेकायची. लोपीस बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“बाय, डब्यात काय होतं आज?”

“काही नाही बाई, उपास आहे.”

“उपास म्हणजे रिकामा डबा?”

“नाही, साबुदाण्याची खिचडी होती. बटाट्याचा कीस. एक राजगिऱ्याचा लाडू. आणि दोन केळी.”

“हा उपास,” बाई म्हणाल्या, “मग तुमच्याकडे जेवतात कधी?”

सुनीता हसली. मीही हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून यंत्र काढलं. त्या दिवशी पट्टी खर्चायची की नाही ह्यावर चर्चा झाली नाही. सुनीताने बोट पुढे केलं, यंत्राने टूं केलं, आणि बाईंनी ते बंद करून पुन्हा सुरू केलं, सुनीताला साबणाने हात धुऊन यायला सांगितलं आणि दुसरी पट्टी काढली. आकडा तोच, दोनशेच्या पुढे. बाई एवढंच म्हणाल्या, “उद्या मी तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येते.”

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. गरोदरपणातली साखर, त्या म्हणाल्या. खाणं सांभाळायचं, उपाशी राहायचं नाही, थोडं इन्शुलिन घ्यायचं, दर आठवड्याला यायचं. मूल नीट राहावं यासाठी हे सगळं. सुनीता घरी आली आणि आक्कांनी दोन्ही गोष्टींना नकार दिला. सुई म्हणजे पोटातल्या जिवाला धक्का. उपासाने कुठे साखर वाढते? आणि तो मोडायचा? “मागल्या येळी काही बोलले नव्हते म्हणून तसं झालं. आता बोललेय तर मोडू? आणि पुन्हा तसंच झालं मग?” सुनीताचा नवरा आईपुढे बोलणारा नव्हता. आठवडा गेला. सुनीता सुई घेत नव्हती आणि खिचडी खात होती. सातवा महिना जवळ येत चालला होता.

पुढच्या गुरुवारी शाळेला सुट्टी होती. बाई गिरीजहून तुळिंजला आल्या आणि घर दाखवायला म्हणून मला बरोबर घेऊन वर गेल्या. खाली पाण्याचा टँकर आलेला, जिन्यात हंडे. आक्का दारातच उभ्या होत्या, तोंड आवळून. शाळेतल्या बाई येणार आणि शिकवणार, हे त्यांनी ओळखलं होतं. पण लोपीस बाईंनी शिकवलं नाही. त्या म्हणाल्या, “आक्का, मी सकाळपासून काही खाल्लं नाही. आज तुमचा उपास धरलाय. मला वाढा.”

आक्का चमकल्या. “तुम्ही? आमचा उपास?”

“एक दिवस धरून बघितला. तुम्ही म्हणता उपासाने साखर वाढत नाही. मी मधुमेहाची. माझ्यावर बघू या ना.”

उपाशी माणसाला आक्कांनी नाही म्हणणं शक्य नव्हतं. त्यांनी ताट केलं आणि हात आखडता घेतला नाही. बाईंनी आधी बोट टोचून आकडा आक्कांना दाखवला, मग सगळं चवीने खाल्लं, कीस दुसऱ्यांदा मागून घेतला. “आता दोन तास बसायचं,” त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या.

बाई बसल्या म्हणजे प्रश्न आलेच. “आक्का, उपासाला मिरची चालते आणि हळद का नाही?” आक्का म्हणाल्या, नाही चालत. “दाणे चालतात, मग हरभरे का नाही?” नाही चालत. “काकडी?” चालते. “सुरण?” चालतो की! “ताक, नारळ, जिरं?” चालतं, चालतं. “पण हळद का नाही?” आक्कांनी विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच केला असावा. “आता काय सांगू बाई, माझ्या सासूनं नाही घातली म्हणून मी नाही घातली.” आणि दोघी हसल्या. सुनीता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती खाली बसली. बराच वेळ हे चाललं. बाईंच्या चर्चच्या उपवासकाळात काय वर्ज्य असतं ते आक्कांनी विचारलं, बाईंनी सांगितलं, आणि त्यातलंही का, ते बाईंना नीट सांगता आलं नाही.

मग बोलता बोलता आक्का म्हणाल्या, “तुम्हाला लेकरं किती?”

आम्हाला शाळेत एवढंच ठाऊक होतं की बाईंना मूलबाळ नाही. कुणी कधी विचारलं नव्हतं. बाईंनी पदर सारखा केला.

“एक मुलगा झाला होता. नऊ महिने भरून. पोट एवढं मोठं, की सगळे म्हणायचे जुळं आहे. सासू माझी जीव टाकायची माझ्यावर. घरची राजेळी केळी, ती उन्हात सुकवून सुकेळी करून ठेवलेली, रोज हातात द्यायची. नारळाचं दूध, गूळ घालून. मला तहान लागायची, झोप यायची. ती म्हणायची, बाळ मोठं होतंय ना, म्हणून. झालं तेव्हा सुईण म्हणाली, एवढं मोठं बाळ मी बघितलं नाही. मोठं होतं आक्का. पण आतच गेलं होतं.”

खाली टँकरवर बायकांचं भांडण चाललं होतं, ते ऐकू येत होतं.

“माझी साखर तेव्हापासूनच असणार. तेव्हा कुणी बघितली नाही. कुणाचाच दोष नव्हता हो. पण सासू मरेपर्यंत एकच म्हणायची. म्हणायची, फिलोमिना, माझं खायला घालणं कमी पडलं.”

बाईंनी मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं, वेळ झाली होती. त्यांनी हात धुतले, बोट टोचलं, थेंब लावला. यंत्राने टूं केलं. कुणी वाकून पाहिलं नाही. आकडा पाहिला तो मीच, कारण पट्टी खर्ची पडली होती आणि कुणीतरी बघायला हवा होता. चांगलाच चढला होता. मी सांगणार तेवढ्यात आक्का म्हणाल्या, “राहू द्या तो आकडा. मंगळवारी हिला काय घालू ते सांगा. आणि सुई कोण टोचणार? मला जमंल का?”

उपास मोडला नाही. ताट बदललं. ते ताट दोघींनी मिळून बसवलं, आणि त्यात मला काहीच येत नसल्यामुळे मी चहा केला. सुरणाच्या थोड्या फोडी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, वाटीभर ताक. खिचडी लागलीच तर दोन चमचे, आणि तीही शेवटी, आमटी-काकडी पोटात गेल्यावर. केळं नको. एकदम पोटभर नको, थोडं थोडं, वेळच्या वेळी. बाईंनी ते डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी एकदोन गोष्टी बदलल्या आणि इन्शुलिन त्या हिशेबाने लावून दिलं. आक्का सुई द्यायला शिकल्या. पहिल्या दिवशी त्यांनी सुई तीनदा खाली ठेवली, शेवटी सुनीतानेच त्यांना धीर दिला.

बहारीनहून आलेल्या पट्ट्या त्यानंतर बाईंनी स्वतःसाठी फारशा वापरल्या नाहीत. शिक्षकखोलीतले प्रश्न बंद पडले. देशमुख सरांना एकदा चिकूबद्दल विचारायचं होतं, बाई म्हणाल्या, “चिकूला थांबायला सांगा.” कधीतरी सुनीताचा आकडा चढायचा. एका मंगळवारी तर सुरणाचंच ताट असून चढला. सुनीता रडकुंडीला आली. बाई मात्र खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या, डोळ्यांत तीच जुनी चमक. “रात्री झोपलीस का? अंगात कणकण आहे का?” होती. तापाने आणि जागरणाने काही न खाताही साखर चढते, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरीणबाईंकडे जाताना रिक्षात बाई म्हणाल्या, “घाबरू नको गो. आकडा म्हणजे शिक्षा नाही. तो सांगतोय काहीतरी, आपण ऐकायचं.”

सातवा महिना आला तेव्हा आक्कांनी डोहाळजेवण करायला नकार दिला. सातव्यात नको, त्यांना भीती वाटत होती. तो महिना कसाबसा सरला. आठव्यात आम्ही शाळेतच केलं, गृहशास्त्राच्या खोलीत. मुलींनी झेंडूच्या माळा केल्या, सुनीताला फुलांची वाडी भरली, आणि गाणी म्हणणाऱ्या आमच्या आवाजांनी शेजारच्या वर्गातला गणिताचा तास मोडला. जेवणात बाईंनी गिरीजहून आणलेली भाजी, मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी. दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी लपवायची असते, ती लपवली. सुनीताने उचलला तो पेढा निघाला. सगळ्यांनी मुलगा मुलगा म्हणून ओरडा केला. सुनीताने पेढ्याचा कण तोंडात टाकला आणि उरलेला देशमुख सरांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून खाल्ला. लक्ष होतं. बाई म्हणाल्या, “सर, मैदानाला दोन फेऱ्या.”

लोपीस बाई पुढच्याच वर्षी निवृत्त झाल्या. मग वाडी, चर्चला मिस्सा, पास्कलभाऊंचं आजारपण. आम्ही अधूनमधून गिरीजला जायचो. आता त्याही नाहीत. त्यांच्या मातीला मी गेले होते, पण बाई आठवल्या की डोळ्यांपुढे येतात त्या सुनीताच्या बाळंतपणाच्या दिवशी वसईतल्या प्रसूतिगृहात उभ्या असलेल्या.

मुलगी झाली होती. सुनीता सुखरूप. मी आणि बाई पोचलो तेव्हा खोलीत नातेवाइकांची गर्दी होती, आणि एक आत्याबाई बाळाकडे बघून आक्कांची समजूत घालत होत्या, “बारीकच आहे हो. पण भरंल हळूहळू. काळजी करू नका.” दुसऱ्या कुणीतरी मान डोलावली. लोपीस बाई गर्दीतून पुढे गेल्या, वाकल्या, चष्मा कपाळावर सारून बाळाकडे पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, “बारीक आहे! आक्का, किती छान बारीक आहे!” आत्याबाईंना हे विचित्र वाटलं. आक्कांना वाटलं नाही. त्यांनी बाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तेवढ्यात नर्स यंत्र घेऊन आली. आईला साखर असली की बाळाचीही बघावी लागते, टाचेला टोचून. असलं काही चाललंय म्हटल्यावर बाई पुढे होऊन, सुई कुठली, पट्टी कुठली, टाचच का, असं दहा प्रश्न विचारतील, म्हणून मी त्यांना वाट करून दिली. पण बाई मागे सरल्या, खिडकीपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. नर्सने टोचलं. बाळाने क्षणभर तोंड आ करून ठेवलं आणि मग असं काही भोकाड पसरलं की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून दारात आले. आकडा चांगला होता. नर्सने तो दोनदा सांगितला. आक्का घाईने पुढे झाल्या, बाळाला उचलून उगी उगी करायला लागल्या.

“आक्का,” बाई खिडकीपाशीच, मागे न बघता म्हणाल्या, “उगी करू नका हो एवढ्यात. रडू दे तिला जरा.”